शून्य स्थिरावेना

वागळे इस्टेटमध्ये, रोड नंबर सोळावरच्या एका गाळ्यात
मी एकवीस वर्षं तराजू दुरुस्त करतो.
सोनाराचे, औषधवाल्याचे, रद्दीवाल्याचेसुद्धा.
पारड्यात काही नसताना काटा हलला
तर आधी तराजूला दोष द्यायचा नाही,
हे मला सालेलकरांनी शिकवलं:
पंखा बंद कर. टेबल बघ. बाहेरून टेम्पो जातोय का बघ.
मग स्क्रूला हात लाव.

माघातल्या एका सोमवारी
उजव्या पोटरीत काहीतरी उडालं.
कातडीखालून कुणी चिमटीने दोरा ओढावा तसं.
मग दंडात. मग डाव्या पापणीत.
सासूबाई म्हणाल्या, पुरुषाचा उजवा लवावा, डावा नाही.
फुकट मिळालेलं निदान तेवढं एकच.

डोकं तर दुखायचंच. पण दुखतं म्हणजे कसं?
डॉक्टर विचारतात आणि मी शब्द तोलत बसतो.
ठणका नाही, ठणक्याला ताल असतो.
सणक नाही, सणक येते आणि जाते.
ओल्या पंच्याने डोकं आवळून
पंचा तसाच वाळायला सोडून दिल्यासारखं.
ते कागदावर लिहितात: डोकेदुखी.

आणि चक्कर.
कोर्ट नाक्यावर सिग्नल हिरवा होताना
रस्ता एका बाजूने किंचित उचलला गेला,
पारडं उचललं जातं तसा,
आणि मी रिकाम्या बाजूला.

पंखा बंद केला: चहा सोडला,
कॉफीही सोडली, जी मी कधी घेतच नव्हतो.
टेबल बघितलं: उशी, चष्म्याचा नंबर, गॅसची नळी,
टाकीचं पाणी बाटलीत भरून नौपाड्यातल्या लॅबला.
टेम्पो बघितला: रक्त, थायरॉइड, बी ट्वेल्व्ह,
कळव्याला एमआरआय, तोंडावर पिंजरा, कानात हातोडे.
नसा तपासायला सुई टोचणारी मुलगी म्हणाली,
"काका, पाय ढिला सोडा."
सोडला. पोटरी तेव्हा
पाहुण्यांसमोर बसलेल्या पोरासारखी शहाणी.

सगळे रिपोर्ट नॉर्मल.
हा शब्द मी फाइलीत मोजला, नऊ वेळा.
नवव्यांदा वाचताना पापणी लवत होती.
"टेन्शन घेऊ नका," शेट म्हणाले, केमिस्ट म्हणाला, साडू म्हणाला.
रात्री दोन वाजता मोबाइल हातात धरून
मी तीन वेगवेगळ्या आजारांनी मेलो
आणि सकाळी दूध आणायला गेलो.

शेवटी डॉक्टर शेणॉय बाईंनी पेन खाली ठेवलं.
"मला माहीत नाही," म्हणाल्या.
"वाईट काही दिसत नाही. पण का होतंय, ते माहीत नाही.
लिहून ठेवा. ऑगस्टमध्ये या."
चार महिन्यांत पहिल्यांदाच कुणी
माझं वजन गोल आकड्यात न ढकलता सांगितलं.

काल रात्री विनयाला म्हटलं, हात ठेव.
तिने पोटरीवर तळवा ठेवला, कणकेचा वास असलेला.
वाट बघितली.
उपवनच्या बाजूला एक कुत्रं भुंकून थांबलं.
लिफ्ट वर गेली. खाली आली.
काही नाही. काही नाही.
मला ओशाळल्यासारखं झालं,
वजनात मारताना पकडलेल्या दुकानदारासारखं.
मग ती म्हणाली, "आत्ता."
मग, "आत्ता पुन्हा."
हात काढला नाही तिने.

आज गाळ्यावर प्रमाण वजनांची पेटी उघडली.
मखमलीतली, चिमट्याने उचलायची.
बोटाचा घामही वजनात धरला जातो म्हणून.
एका सोनाराचा काटा आलाय, जांभळी नाक्यावरून.
पंखा बंद. टेबल पाणसळीला बरोबर. रस्ता सामसूम.
तरी काटा आपला डावीकडे, उजवीकडे, जरासा.
वहीत तारीख घातली.
दोष: शून्य स्थिरावत नाही.
कारण:
इथे एरवी मी रेघ मारतो.
आज जागा सोडली.