टेबलावरची रेघ

वाल्दिव्हियात शनिवारी दहा ते एक,
रिगोबेर्तोच्या सायकल-दुरुस्तीवरची खोली.
खालून पंक्चरच्या सोल्यूशनचा वास,
नदीकडून मासळीबाजारातल्या समुद्रसिंहांचं भुंकणं.
जुन्या प्रिंटरची हाडं काढून मी यंत्र जुळवलंय:
दोन मोटारी, एक पट्टा,
आणि कपड्यांच्या चिमट्यात धरलेलं बॉलपेन.

पहिल्या दिवशी सातजण आले,
तिसऱ्या शनिवारी चार उरले.
मिल्याराय, वय चौदा, विचारत नाही, करून मोकळी होते.
बेकरीतल्या बहिणी ओरिएता आणि नेल्दा,
कीबोर्ड पिठानं पांढरा करणाऱ्या.
आणि एलेउतेरिओ,
कोर्रालच्या धक्क्यावर एकोणचाळीस वर्षं
भरती-ओहोटीचे आकडे लिहून निवृत्त झालेले.

मी म्हणाले, चित्र काढायचं नाही.
चित्र कसं निघेल त्याचा नियम लिहायचा.
एक पाऊल पुढे, मग वळायचं.
किती वळायचं ते आपण ठरवायचं नाही,
यंत्राला फासा टाकू द्यायचा.
असं दोनशे वेळा.
ओरिएता म्हणाली, म्हणजे कणीक मळल्यासारखं.
मी म्हणाले, नाही.
जरा वेळानं म्हणाले, हो, बरंचसं.

त्याच दिवशी मिल्यारायनं
अधिकच्या जागी वजा टाकला.
पेन कागदाची कड ओलांडून
लाकडावर उतरलं,
आणि कुणी वायर उपटेपर्यंत
खिडकीच्या रोखानं चालत राहिलं.
टेबल उसनं, रिगोबेर्तोचं.
तिनं थुंकी लावून घासलं, बाहीनं घासलं.
बॉलपेनची शाई, जाते कुठली!

चौथ्या शनिवारी बीज.
यंत्राचा फासा खरा नसतो, मी सांगितलं,
आधी एक आकडा पेरावा लागतो.
तोच पेराल तर तेच उगवेल,
काना-मात्रेचा फरक नाही,
पहिले पाढे पंचावन्न.
बहिणींनी बेकरीचा फोन नंबर पेरला,
झिजलेला केरसुणीसारखा झुपका निघाला, त्या खूष.

एलेउतेरिओंनी चष्मा पुसला.
एका बोटानं, सावकाश,
२२०५१९६०.
खोलीत कुणी बोललं नाही.
या गावात तो आकडा कुणाला समजावून सांगत नाहीत,
मिल्यारायलाही नाही,
तेव्हा तिची आईसुद्धा जन्मली नव्हती.

आम्ही काय उगवेल म्हणून वाकून बघत होतो?
निघालं ते साधं गुंतवळ,
कंगव्यातून काढतात तसं.

त्यांनी पुन्हा चालवलं. तेच.
पुन्हा. तेच.
तिन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीला लावले,
उजेडात रेघेवर रेघ बसलेली.
म्हणाले,
समुद्र मागे हटला, तळ उघडा पडला,
माझा भाऊ निबाल्दो शिंपले वेचायला उतरला.
म्हणजे तोच दिवस पुन्हा पेरला
तर तो दर वेळी उतरणारच?
एकदाही टेकडीकडे पळणार नाही?

माझ्याकडे उत्तर होतं, पाठ्यक्रमातलं.
बीजाची जागा रिकामी सोडा,
यंत्र घड्याळातून आत्ताचा क्षण उचलतं,
तो क्षण परत येत नाही.
मी सांगितलंसुद्धा.
त्यांनी मान हलवली, ऐकल्यासारखी.

आकड्याला हात लावला नाही.
चौथा कागद ठेवला,
चार बोटं डावीकडे सरकवला,
जरा तिरका केला,
आणि बटण दाबलं.

पेन त्याच वाटेनं निघालं.
तीच वळणं, तोच क्रम,
पण अर्ध्यावर कागद संपला
आणि उरलेलं सगळं
लाकडावर उतरत गेलं, कुरकुरत,
मिल्यारायच्या रेघेला छेदून पलीकडे.
ती वायरकडे धावली.
त्यांनी तिचा हात धरला. राहू दे.

एक वाजता रिगोबेर्तो भाडं घ्यायला वर आला,
हातात स्पोक, बोटांना ग्रीस.
टेबलाकडे बघत राहिला.
याचे पैसे कोण भरणार?
एलेउतेरिओंनी कागद गुंडाळून काखेत मारला,
एकाच बाजूचा कठडा धरत जिना उतरू लागले.
चित्राचा बाकी अर्धा भाग
रिगोबेर्तोकडेच राहिला.