हिशोबात न धरलेल्या गाठी

तांबं गेलं त्या रात्री कुत्री भुंकली नाहीत.
सकाळी खांब तेवढे उभे होते
ओढ्याकाठच्या टर्बाइनपासून दारेजान आजींच्या दारापर्यंत,
हातातलं काही हरवल्यासारखे.

स्वानेतीत तेव्हा सरकारी वीज महिनोन्‌महिने यायची नाही.
सीमेपलीकडे म्हणे
तांब्याच्या वजनावर पीठ मिळायचं.
आमच्याकडे पीठ आलं, कुणाच्या तरी ट्रकमधून.
वडील आले नाहीत.

मक्वाला बाईंनी फळा पुसला.
चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.
तारेचा रोध कशावर ठरतो?
लांबीवर, नाझीब्रोला म्हणाली.
जाडीवर, म्हणाला गेगी,
रुंद दारातून गाय सरळ आत येते,
अरुंद दारात अडते.
वर्ग हसला. बाईही.
आणखी कशावर?
कुणी बोलेना.
मुळात ती कशाची आहे, त्यावर,
बाई म्हणाल्या, आणि लिहिलं :
तांबं, शून्य पूर्णांक शून्य एक सात.
लिहिताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.
इतकं नीट पाहिलं नाही
की मला कळलं.

त्याखाली : पोलाद, शून्य पूर्णांक एक तीन.
सातपट हट्टी. पण आपल्याकडे हेच आहे.

हेच म्हणजे कुंपण,
बंद पडलेल्या सामूहिक शेतीचं,
ज्यात आता आत काही नव्हतं आणि बाहेरही काही नव्हतं.
मायक्रोमीटर माझ्या हातात दिला.
जाडी चार मिलिमीटर.
निम्मे दोन, दोनाचा वर्ग चार,
पायने गुणून साडेबारा.
दोरीने अंतर मोजलं, चारशे ऐंशी मीटर,
मी वहीत लिहिलं चारशे ऐंशी.

आणि परत कोण येणार?
बाईंनी विचारलं.
मी खाली बघत राहिलो.
अरे, वीज जाते तशी तिला परतावं लागतं,
नाहीतर ती जातच नाही.
दुप्पट धर.

नऊशे साठ गुणिले रोधकता, भागिले साडेबारा :
दहा ओहम. जवळजवळ नेमके दहा.
आजींनी शेगडी लावली की चार अँपिअर,
म्हणजे चाळीस व्होल्ट वाटेतच खर्च,
त्यांचा दिवा निखाऱ्यासारखा लाल.
गेगी म्हणाला, तीन तारा एकत्र वळू या.
क्षेत्रफळ तिप्पट. रोध तीन पूर्णांक तीन.
वाटखर्च तेरा व्होल्ट. चालेल, म्हणाल्या बाई,
आणि आम्ही अख्खं कुंपण उपटलं.

मोजला तेव्हा रोध पाच भरला.

बाईंनी फळ्यावरचं सूत्र पुन्हा तपासलं.
सूत्रात चूक नव्हती.
सूत्रात लांबी होती, जाडी होती, धातू होता.
गाठी नव्हत्या.
कुंपणाचे तुकडे जोडताना पडलेल्या एकसष्ट गाठी,
प्रत्येकीच्या पोटात गंज.

त्या मी सोडवल्या. एकट्याने.
कुणी सांगितलं नव्हतं.
खांबाला शिडी, खिशात कानस,
टोकं चकचकीत होईतो घासायची, पुन्हा पीळ,
वरून डांबर.
बोटं सोलली. बाराव्या दिवशी शेवटच्या खांबाखाली
दारेजान आजी उभ्या होत्या, हातात गरम दूध.
म्हणाल्या, तुझा बापही असाच चढायचा, मांजरासारखा.
ही तार त्यानेच घातली होती, माहीत आहे ना,
पहिल्यांदा.

मला माहीत नव्हतं.

दूध पिताना हिशोब करून पाहिला,
जमला नाही.

जानेवारीत पारा उणे अठराला गेला.
तारांवर बर्फाची जाड सालं. आम्हाला वाटलं, संपलं.
पण त्या रात्री आजींच्या खिडकीत
दिवा रोजच्याहून किंचित उजळ होता,
फार नाही, बघणाऱ्यालाच कळेल इतका.
दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या,
धातू गारठला की त्याचा रोध कमी होतो,
हेही आपण धरलं नव्हतं.

मी रात्रभर ती खिडकी बघितली होती.
त्या वाटेने कुणी आलं नाही.
वीज मात्र जात होती
आणि परत येत होती.