पालथी भांडी

कादंबरी संपली तेव्हा मशीनवर
एक तास अठरा मिनिटं उरली होती.
यांचं रक्त नळीतून जात होतं, धुऊन परत येत होतं,
आणि मी वाशीच्या त्या गारढोण खोलीत
प्लास्टिकच्या खुर्चीवर, तोंडात पदराचा बोळा धरून
रडत होते.
सिस्टर जिन्सी धावत आली.
आधी यांचं बीपी बघितलं, मग माझ्याकडे.
मी पुस्तक वर केलं.
"अय्यो, इतकंच?" म्हणाली,
आणि पाण्याचा ग्लास ठेवून गेली.

इतकंच कसं?
एक बाई मुक्या भावाला जन्मभर सांभाळते,
आणि शेवटी तो तिच्या उशाशी बसून
तिचे केस विंचरतो. मुळाशी धरून,
गुंत्याला ओढ न लागू देता.
असं लिहायला हात केवढा हलका हवा!
तीस वर्षं पोळ्या लाटतेय मी,
इतकी सारखी एकही फुगली नाही.

यांनी डोळे उघडले. "काय झालं शेवटी?"
सांगितलं.
"आणि ती घर सोडून गेलेली धाकटी?"
आली परत.
"जमिनीची केस?"
मिटली.
"कुत्रं?"
म्हातारं होऊन गेलं. चाफ्याखाली पुरलं.
"बरंय मग," हे म्हणाले,
तुर्भ्याच्या कांदा मार्केटात
शेवटची गोण उतरवून म्हणायचे तसं,
आणि कूस न बदलता झोपले.

रात्री कोपरखैरण्याला, मोरीत बसून,
त्या बाईला आठवून बघितलं.
आली. छान आली. पण बोलायला काही नव्हतं
तिच्यापाशी, ना माझ्यापाशी.
लेखक जाताना पातेली घासून, ओटा पुसून,
सगळं पालथं घालून गेलेला.
एक चमचाही खरकटा ठेवला नाही माझ्यासाठी.
असा पाहुणा लाखात एक,
आणि मी त्याच्यावर रुसून बसलेली.

मागं हुद्दारांनी वाचनालयातून एक दिली होती,
ती अर्धी कळलीच नाही. वैतागून परत केली.
तिच्यात एक माणूस रोज संध्याकाळी
स्टेशनवरच्या वजनाच्या काट्यावर चढतो, नाणं टाकतो,
आणि तिकीट न वाचताच खिशात घालतो.
का, ते कुठं लिहिलेलंच नाही.
झाली त्याला तीन वर्षं.
मंगळवारी, शुक्रवारी हे काट्यावर उभे राहतात,
अडुसष्ट चारशे. चार तासांनी पासष्ट नऊशे.
जिन्सी फाइलीत लिहिते,
आणि यांच्या मागं तो उभा असतो,
मुठीत नाणं घेऊन.
त्याच्यासाठी मी कधी रडले नाही.

हुद्दार विचारतील, कशी वाटली?
खूप रडले, म्हणेन. खोटं नाही ते.
आणि अजून आठ दिवस राहू दे, म्हणेन,
केस विंचरायचं पान एकदा पुन्हा वाचायचंय.
खुर्चीत चार तास असतात,
आणि पुस्तकावर रडलेलं कुणी मनावर घेत नाही.

फक्त या खेपेला यांनी विचारलं
तर कुत्र्याचं सांगणार नाही.