भाता

शनिवारी सहाची सभा म्हणजे साडेसहाची,
हे माझगावात देवालाही ठाऊक आहे.
मी तरी सहालाच हॉल उघडते.
तेवीस खुर्च्या मांडते. येतात नऊ.
आणि पेटीवर आधीच कुणीतरी झोपलेलं असतं:
राखाडी, एका कानाला चीर,
पोट वर-खाली, वर-खाली.
पोरांनी त्याचं नाव भाता ठेवलं.
त्याला उठवल्याशिवाय गीत सुरू होत नाही
आणि पहिल्या कडव्यात कुणीतरी शिंकतंच.

घरी आणखी दोन. ठमी आणि ठमीची लेक.
उत्तम शुक्रवारी मी तोंडात काही घेत नाही,
तर ठमी बोंबलांच्या डब्यापाशी बसून
माझ्याकडे अशी बघते,
जसा काही तिला न विचारता मी धर्म बदललाय.
पहाटे गुडघे टेकले की दोघी येऊन
माझ्या पोटऱ्यांवर बसतात.
उठता येत नाही, म्हणून प्रार्थना लांबते.
मंडळीत बोलतात, केझियाताई तासतास प्रार्थनेत असतात.
मी खुलासा करत नाही.

जूनच्या कमिटीत रणभिसेसाहेब उभे राहिले.
गालिच्याला वास मारतो, वेदीपाशी पावलं उमटतात,
आवारातली मांजरं पोत्यात घालून
वाडीबंदरला सोडून यावीत.
अनुमोदन श्रीमती शिरसाठ.
इतिवृत्त मी लिहिते, अकरा वर्षं मीच,
निळ्या शाईत, समास सोडून.
मी लिहिलं: विषय पुढील सभेवर.
जुलैत तेच लिहिलं. ऑगस्टात तेच.
मागचं पान कुणी उलटत नाही.
ही लबाडी आहे. रोज रात्री प्रभूपुढे कबूल करते
आणि कबूल करता करता
सप्टेंबरचं वाक्य मनात जुळवते.

एलिशा वाघचौरे फेब्रुवारीपासून आत येत नाही.
आई गेली तेव्हापासून.
रात्रभर पार्सलं पोचवतो,
शनिवारी हेल्मेट शेजारी ठेवून हॉलच्या पायरीवर बसतो,
आमच्याकडे पाठ, मांडीवर भाता.
मी सहा शनिवार म्हटलं, आत ये रे.
सातव्या शनिवारी त्याचा चहा बाहेर नेऊन ठेवला.
आत मी क्षमेवर बोलायचे, आज्ञापालनावर,
त्या पाठीला काही ऐकू जायचं का, कळायचं नाही.
शेवटच्या आमेननंतर मात्र
मांजराची बशी नळाखाली धुतलेली असायची,
पालथी घातलेली.

मागच्या शनिवारी विषय होता विश्वास.
कार्डावर चार मुद्दे काढून आणले होते.
पेटी रिकामी होती. माझ्या लक्षात आलं नाही.
पहिला मुद्दा संपत होता
आणि एलिशा आत आला,
चपलांसकट, गालिच्यावरून, मधोमध.
हातात हेल्मेट, हेल्मेटमध्ये भाता,
एक डोळा चिकटलेला, पोट जेमतेम हलतंय.
अकरा वर्षांची खोड, मी बोलून गेले:
एलिशा, प्रार्थना कर.
आणि जीभ चावली.

पंखा फिरत राहिला.
कुणाच्या तरी फोनवर काहीतरी वाजलं, बंद झालं.
मग तो हेल्मेटकडे बघत म्हणाला,
प्रभू, उद्या ह्याला परळला नेतोय,
उपासनेच्या वेळेलाच, सॉरी.
नंबर लवकर लागू दे.
थांबला.
आईचा फार उशिरा लागला होता.
पुढे काही बोलला नाही.
आमेन कुठे म्हणायचं ते कुणाला कळेना.
सगळ्यात लहान जेमिमा उठली
आणि आपला रुमाल हेल्मेटमध्ये खोचला.

उरलेले तीन मुद्दे कार्डावरच राहिले.
वहीत मी लिहिलं: उपस्थिती अकरा.
रणभिसेसाहेबांनी मोजलं तर दहा भरतील.

घरी ठमीने माझे हात हुंगले
आणि लेकीला घेऊन खिडकीत जाऊन बसली.
पहाटे पोटऱ्यांवर कुणीच नव्हतं,
केव्हाही उठता आलं असतं.