सावलीतली सुकवण

नणंदेची लेक लेस्टरहून आली, आठ दिवसांसाठी.
पहिल्याच सकाळी म्हणाली, मामी, मला टॅन हवाय.
मला ऐकू आलं, तहान.
तांब्या भरून पुढं केला.

शर्वाणी हसत सुटली, अर्धं पाणी कट्ट्यावर.
टॅन म्हणजे उन्हात निजून रंग आणायचा,
परत गेल्यावर ऑफिसात दिसला पाहिजे,
सुट्टी अंगावर दिसली पाहिजे.
मी म्हणालो, रंग?
मला बघायला पावणे आले तेव्हा आईनं
पंधरा दिवस साय चोळली होती माझ्या दंडाला,
आणि खोलीची खिडकी मुद्दाम लावून घेतली होती.
(मी "म्हणालो" म्हटलं की ती पुन्हा हसते.
आमच्या खानापुरात बायका आलो, गेलोच म्हणतात.)

बसस्टँडजवळच्या मेडिकलात ट्यूब मिळाली एकदाची.
दळवायांच्या पोरानं फुंकर मारून धूळ उडवली.
मी आधी तारीख वाचली. मग नंबर. पन्नास.

कुंभाराची सून मी, ऊन मला नवं नाही.
ओलं मडकं कुणी थेट उन्हात ठेवत नाही, पोरी.
आधी पडवीत, गोणपाटाखाली,
मग सकाळचं कोवळं, थोडंच,
मग फिरवून तेवढंच.
काठ आधी सुकतो, बूड मागं राहतं,
दोघांचं बिनसलं की तडा.
तुझा काठ म्हणजे कान, नाक, पायाची वरची बाजू.
तिथं जास्त लाव. पाण्यातनं आलीस की परत लाव.

तिनं मान डोलावली.
आणि दुसऱ्या दिवशी मी भट्टी रचत होतो तेव्हा
गेली असोग्याला, मलप्रभेतल्या खडकावर,
साडेअकराला.
पुस्तक पोटावर पालथं, डोळा लागला.
नदी खालनंही ऊन फेकते
हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.
मीही नाही.

संध्याकाळी खांदे नव्या कौलासारखे,
पोटावर तेवढा पुस्तकाचा पांढरा चौकोन.
यल्लव्वा तूप घेऊन आली, तिची सून टूथपेस्ट.
दोघींना चहा पाजला, परत लावलं.
रात्रभर गार पाण्याची सुती चिंधी,
आणि तांब्यामागनं तांब्या.
तहानच निघाली शेवटी.

मामी, हे जाईल ना?
लाली जाईल, मी म्हणालो. साल निघेल, नवं येईल.
खरं भट्टीतनं निघालेलं मडकं
परत चिखल होत नाही, तेवढं ध्यानात ठेव.
जरा जास्तच बोललो. ती भिंतीकडं वळली.

मग माझा लांब हाताचा झंपर, ह्यांची टोपी.
साडेआठला नदी, दहाच्या आत घर.
चार वाजून गेले की करंजाखाली,
पाय तेवढे पाण्यात.
रंगाचं नाव काढलं नाही कुणी.

सातव्या दिवशी जेवताना तिनं हात पुढं केला.
कुंद्यासारखा, खरं पुरता आटलेला नव्हे,
कढईत दूध नुकतं रंग धरतं तेव्हाचा.
मी बघून घेतलं, भाकरी वाढली.
तिनं माझ्या बांगड्या वर सारल्या.
खाली मनगटाला गोरी पट्टी,
बोटभर रुंद, लाजल्यासारखी.
मामी, ही कोण?
ही साय लावलेली, मी म्हणालो.

गेली. ट्यूब राहिली, निम्मी,
गेरूच्या डब्याशेजारी, फळीवर.
आठवडाभर मी तिला हात लावला नाही.

आज भट्टी उघडायची. दहा वाजले होते.
मानेवर थोडी चोळली,
आंबाड्याखाली, जिथं चाळीस वर्षांत
उन्हाशिवाय कुणी हात ठेवला नाही.
वास परका. बोटं ओशट.

हे दारातनं बघत होते.
कुठं निघालीस गे?
कुठं नाही. भट्टीवरच.