पहिला इंच

टेपचा पहिला इंच तुटलेला आहे.
म्हणजे मोजायचं एकपासून
आणि शेवटी एक वजा करायचा.
हे मला ठाऊक होतं. तीन बाजूंना लक्षातही राहिलं.

आरसा फोंड्याच्या बाजारातला, अठरा बाय चोवीस,
न्हाणीघरात प्लास्टिकच्या चार चिमट्यांवर अकरा वर्षं.
बोरीची हवा. नदी दारात नाही,
पण भिंतींतून येऊन जाते.
कडांचा पारा सुटत गेला,
आधी मोहरीएवढे ठिपके, मग बोटभर काळा काठ,
जसं कुणी मागच्या बाजूनं काच चाखतंय.
नवा घे, सगुण जहाजावरून म्हणाला,
नाहीतर मिंगेल मेस्ताला सांग, पैसे मी पाठवतो.
मी म्हटलं, बघते.

जुन्या दाराची चौकट गोठ्यामागे पडून होती, फणसाची,
एक बाजू वाळवीनं भरून लिहिलेली,
दुसरी कोरी.
करवत लावली तर आतून पिवळीधमक.
भुश्याकडे कोंबडी धावत आली, टोचून पाहिलं,
आणि मान वाकडी करून बघत राहिली
जणू मी तिला फसवलं.

पंचेचाळीस अंश कुठून आणायचे?
बँकेच्या जुन्या कॅलेंडरचा सप्टेंबर फाडला,
चौकोनी केला, कर्णावर दुमडला.
चवथ नेमकी घडीत सापडली.
त्या चवथीला तो कुठल्याशा बंदराबाहेर
नांगर टाकून रांगेत उभा होता.

चौथी पट्टी इंचभर आखूड.
मी ती हातात धरून बराच वेळ पायरीवर बसले.
मग मोडक्या आडोळीच्या पाटातून
इंचभर तुकडा कापला. त्याला खोबरेलाचा वास,
तेलकट लाकडाला फेव्हिकॉल धरेना,
शेवटी खिळा ठोकला, तोही वाकडा.
स्कूटरच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी चारी बाजू आवळून
रात्रभर जेवणाच्या टेबलावर ठेवली,
मी उभ्यानंच जेवले.

सकाळी मिंगेल मेस्त पाववाल्याची वाट बघत थांबला होता.
आत डोकावला, चष्मा कपाळावर चढवला.
"कोपरे हसतात गे बाये."
भुसा आणि फेव्हिकॉल कालवून भर, म्हणाला.
दोन भरले. दोन हसू दिले.

आता भिंत.
टाइलच्या मागे चिरा, ड्रिल लोण्यासारखं आत जातं,
पांढऱ्या बेसिनात लाल धूळ,
आणि मग कळतं की प्लग धरतच नाही.
जुनी भोकं तयार होती, पक्की,
सगुणनं स्वतः उभं राहून, स्वतःला बघत आखलेली.
सहा फूट माणूस.
अकरा वर्षं त्या आरशात मला मी
भुवयांपासून वर दिसले.
त्याखालचं बघायचं तर पालथी बादली.
वर्षातले आठ महिने तो घरी नसतो.
आरसा खाली घे, एवढं एक वाक्य,
ना त्यानं ऐकलं, ना मी म्हटलं.

पेन्सिल घेतली. अनवाणी, टाचा टेकवून उभी राहिले.
डोळ्यांच्या रेषेत खूण केली.
पहिलं भोक ढासळलं. दुसरं.
तिसऱ्यात काडेपेटीच्या काड्या ठासल्या,
तेव्हा कुठे स्क्रू रडत रडत थांबला.

हनुवटीखाली मला एक तीळ आहे.
गळ्याला दोन वळ्या.
मी "अठरा" म्हणून पाहिलं,
तोंड कसं होतं ते बघायला.

रात्री व्हिडिओ कॉलवर त्याला चौकट दाखवली, जवळून,
आडोळीचा तुकडा अंगठ्याखाली लपवून.
त्याच्या मागची केबिन हळूहळू कलत होती.
"सरळ आहे ना?" तो म्हणाला.
"तू सरळ उभा राहा आधी."
"आणि जरा खाली वाटते?"
"फोन वर धरलाय," मी म्हटलं.

वरची चार भोकं बुजवली नाहीत.
टूथपेस्टनं भागलं असतं, ट्यूब हातात घेतलीसुद्धा,
पण दात घासले आणि झोपले.
चवथीला येतोय म्हणतो.
येऊन बघेल, काय टांगायचं ते.