पिवळे कागद

रबाळ्याच्या शेडमध्ये माझं काम एवढंच:
नोझल लावायचं, कॉक उघडायचा,
एक मिनिट काचेच्या नळीत पाणी धरायचं.
सातशे नव्वद आलं तर पास.
आठशे सत्तरच्या वर गेलं तर भोक मोठं,
लाल डब्यात.

समोर चार वर्षांपूर्वीचं कॅलेंडर.
कुठल्याशा परदेशी डोंगरावर द्राक्षांचे वेल,
तेल लावून भांग पाडावा तशा ओळी,
आणि माणूस एकही नाही.
आमचा माल असल्या बागांना जातो, पणिक्कर साहेब सांगतात,
जिथं ट्रॅक्टर चढत नाही.
द्राक्षाच्या वेलाला मी कधी हात लावलेला नाही.
मला ठाऊक असलेला उतार टोकावड्याच्या वरचा,
त्यावर वाळकूदादाचा कारल्यांचा मांडव
आणि खाली ओहोळ.

दिवाळीनंतरच्या रविवारी जेवणाच्या डब्यातून तीन नोझल नेली.
रिजेक्टच होती. पण भोकं नीट,
शिक्का तेवढा तिरका पडलेला.
सोबत पिवळ्या कागदांचं पाकीट:
थेंब पडला की तिथं निळं होतं.
पहिला कागद माझ्याच अंगठ्याच्या घामानं गेला.

दादाचं नोझल त्याच्या लेकीपेक्षा थोरलं,
आणि ती सहावीत.
म्हटलं, आधी तुझ्याच नोझलनं मार, नुसतं पाणी.
पानांच्या वर कागद लावले, पानांच्या पोटाशी लावले,
एक मातीत ठेवला,
एक त्याच्या शर्टाला, खिशाच्या जरा वर.
"माझं काय लगीन लावतेस काय गो?"

वरचे कागद ओघळून निळे.
पोटाशी, जिथं मावा बसतो,
तिथले हळदीसारखे कोरडे.
मातीतला निळा.
शर्टावरचा निळा.
तो बराच वेळ शर्टावरचाच बघत राहिला.
मग म्हणाला, तीन वर्षं ओहोळात मुठे दिसत नाहीत.
मला वाटायचं, पोरांनी धरून संपवले.

मी माझं नोझल चढवलं, पंप पाठीवर घेतला
आणि वरून सरळ खाली निघाले.
त्यानं दंड धरून थांबवलं.
"आडवी चाल, आडवी. बांधाबांधानं.
उभी उतरलीस तर आपल्याच फवाऱ्यात शिरशील.
आणि ऊन मांडवाला टेकायच्या आत उरक.
आता वारा डोंगर उतरतोय,
घटकाभरानं चढायला लागेल."
हे आमच्या माहितीपत्रकात नाही.
असतं, तर पणिक्कर साहेबांनी
कॅलेंडरऐवजी दादाचा फोटो लावला असता.

आडवी चालले. नळी पानांखालून वर धरली.
कागद काढले तर दोन्हीकडे ठिपके,
मोहरी सांडावी तसे,
एकाला एक न चिकटलेले.
शर्टावर?
शर्टावरही होते. मोजले. एकोणीस.
शून्य म्हणून सांगावंसं वाटलं होतं.
एकोणीसच सांगितले. पूर्ण बाह्यांचं घाल म्हटलं,
तोंडाला फडकं बांध.
तो "बघू" म्हणाला, म्हणजे नाही.

बारा पंप लागायचे, सातात मांडव झाला.
औषधाचे पैसे किती सुटतील ते दादा बोटांवर मांडत बसला.
हौशीवहिनीनं हंडा उपडा घातला, वर टेकली.
"पाच पंप कमी," ती म्हणाली,
"म्हंजे ओहोळाच्या पाच खेपा."
आणि मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली,
दुकानात बांगडी घालून बघावी तशी.

सोमवारी पुन्हा कॉक, पुन्हा मिनिट.
पणिक्कर साहेब लाल डबा मोजताहेत.
पुन्हा मोजताहेत.
मी नळीतल्या पाण्यावरून नजर हलवत नाही.
सातशे नव्वद.
कॅलेंडरच्या डोंगरावर अजून कुणी नाही,
तिथं पाणी वर कोण नेतं
हे कुठंच छापलेलं नाही.

पिशवीत एक पिवळा कागद उरलाय.
कोरा नाही,
अंगठा उमटलाय त्यावर,
कुठंतरी सही केल्यासारखा.